कॅप्सूल उघडू नकोस, आणि अण्णांना विचारल्याशिवाय रान विकू नका

मावशी,

मी मानवतजवळच्या एका खेड्यातली. सध्या माहेरी आहे, पाचवा महिना चालू आहे. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, ५४ वर्षांचे. चार एकर रान, कापूस आणि सोयाबीन. उन्हाळ्यात बांधावरच फिट येऊन पडले. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. रिपोर्टवर 'ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४' (मेंदूचा कॅन्सर) आणि खाली 'एमजीएमटी मेथिलेटेड नाही' असं लिहिलंय. मग तीस दिवस शेक (रेडिएशन) आणि रोज टेमोझोलोमाइड या किमोच्या कॅप्सूल. महिनाभर सुट्टी दिली. आता दर महिन्याला पाच दिवस त्याच कॅप्सूल, २४० मिलिग्रॅम. पहिली फेरी झाली, दुसरी दहा दिवसांवर आली आहे. अण्णांना कॅप्सूल गिळताना ठसका लागतो म्हणून भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून चमच्याने देतो (कॅप्सूल मीच उघडते, आईचे हात थरथरतात).

शेकानंतरच्या एमआरआयमध्ये वाढ दाखवली आहे. तेव्हापासून दादा म्हणतो, दोन एकर विकू आणि मोठ्या शहरात पेशींची लस देतात तिकडं नेऊ, पंधरा लाख लागतील. मामांनी एका वैदूची पुडी आणली आहे, ते म्हणतात किमोनेच माणूस लवकर जातो, ती बंद करा. सासूबाई म्हणतात, किमोच्या माणसाजवळ पोटुशीने राहू नये, परत ये. अण्णा रात्री दोनला उठून भाकरी मागतात, आईवर ओरडतात. आधी असे नव्हते. खुरपं समोर असलं तरी त्यांना शब्द सापडत नाही, 'ते… ते दे' म्हणतात. त्यांना आम्ही एवढंच सांगितलंय की गाठ होती, काढली. खरं सांगितलं तर खचतील, असं आई म्हणते.

कॅप्सूल चालू ठेवायच्या का? अण्णा बरे होतील का?

— एक लेक

पोरी,

चार पानी पत्र लिहिलंस आणि सगळ्यात तातडीची गोष्ट कंसात टाकलीस. आधी त्या कंसाकडेच येते. रान, पुडी, एमआरआय मागाहून.

तू त्या कॅप्सूलला हात लावायचा नाही. उघडायची तर नाहीच, डबीतून काढून अण्णांच्या तळहातावर ठेवायचीसुद्धा नाही. टेमोझोलोमाइड हे वाढणाऱ्या पेशीच्या डीएनएवर घाव घालणारं औषध आहे. वाढणारी पेशी गाठीची की पोटातल्या लेकराची, हे त्याला कळत नाही. भुकटी उडते, नाकात जाते, बोटाला लागते. म्हणूनच कंपनी ती कॅप्सूलमध्ये बंद करून देते आणि माहितीच्या कागदावर 'उघडू नये, चावू नये' असं छापते. तो कागद आपल्याकडे कुणी उलगडत नाही, आणि मेडिकलवालाही सांगत नाही. तुझी चूक मी धरत नाही. किमोच्या डे-केअरला सिस्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढली, या चमच्याची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत नाहीये.

झालं त्याने घाबरून जाऊ नकोस. पाच रात्रींत तुझ्या अंगात किती गेलं हे कुणालाच मोजता यायचं नाही, बहुधा फार थोडं गेलं असेल. पण ज्या डॉक्टरकडे तुझं नाव घातलंय त्यांना औषधाच्या नावासकट हे सांग. लाजू नकोस, लपवू नकोस. पाचव्या महिन्यातली, अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी व्हायचीच असते, ती यंदा अजिबात चुकवायची नाही.

आता कॅप्सूल द्यायच्या कुणी? दादाने. तो फायली घेऊन संभाजीनगर-पुणे करतोय, चांगलंच आहे. मग महिन्यातल्या पाच रात्री घरी राहून चार कॅप्सूल देणंही त्यालाच जमायला पाहिजे. हातात मोजे, मेडिकलमध्ये मिळतात ते साधे. मोजे काढून हात साबणाने धुवायचे. डबी स्वयंपाकघरात नको, देवघरातही नको, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवा. त्या पाच दिवसांत आणि पुढचे दोन दिवस अण्णांची उलटी, लघवी, त्याने भरलेले कपडे तू काढायचे नाहीत. जो काढेल त्याने मोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत, संडासात पाणी दोनदा टाकावं.

सासूबाईंना एवढंच कळव की अण्णांजवळ बसल्याने, त्यांचा हात धरल्याने, त्यांच्या ताटाशेजारी ताट मांडल्याने तुला किंवा बाळाला काही होत नाही. शेक बाहेरून दिलेला असतो, मशीन बंद झालं की तो अंगात उरत नाही. तुला माहेर सोडून जायचं कारण नाही. अंतर ठेवायचं ते कॅप्सूलपासून, माणसापासून नाही.

ठसक्याचं मात्र नीट बघ. तो नुसत्या कॅप्सूललाच लागतो की पाण्यालाही? पाण्यालाही लागत असेल तर दुसऱ्या फेरीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. मेंदूतली सूज वाढली की गिळणं बिघडतं, आणि पाणी छातीत उतरलं तर न्यूमोनिया होतो. फक्त कॅप्सूललाच लागत असेल तर खाटेवर रेलून देऊ नका. खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली, एक घोट पाणी आधी, मग एक कॅप्सूल आणि पेलाभर पाणी. चारी एकदम नकोत, एकेक. माणसं घशात अडकेल या भीतीने मान मागे टाकतात आणि नेमका त्यामुळेच ठसका लागतो. एवढं करूनही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं. १०० च्या दोन कॅप्सूलऐवजी २० च्या जास्त द्यायच्या का, हे ते ठरवतील. गुळाच्या पाण्यात कालवल्याने आणखी एक घोळ होतो: किती औषध पोटात गेलं आणि किती चमच्याला चिकटून राहिलं, याचा पत्ता लागत नाही.

घेण्याची वेळ मी तुला आमच्या वॉर्डातलीच सांगते. सात-साडेसातला जेवण. साडेनऊच्या सुमारास उलटीची गोळी, बहुतेक ओन्डान्सेट्रॉन दिली असेल. अर्ध्या-पाऊण तासाने कॅप्सूल, साध्या पाण्याबरोबर, दूध नको. मग झोप. पोट रिकामं असलं की मळमळ कमी होते, आणि झोपेत असलेल्या माणसाला मळमळ तशीही कमी कळते. कॅप्सूल घेतल्यावर उलटी झाली तर त्या रात्री परत द्यायची नाही. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दुप्पट द्यायची नाही, फोन करून विचारायचं. पाच दिवस संडासला कडक होईल, त्यासाठी पाणी, ताक, पिकला पेरू. तरी नाही झालं तर औषध मागून घ्या.

आणखी एक, नाहीतर तुम्ही घाबराल. पहिली फेरी २४० ची होती. रक्त चांगलं राहिलं तर दुसऱ्या फेरीपासून डॉक्टर डोस वाढवतात. हिशेब अंगाच्या मापावर असतो, दर चौरस मीटरला आधी १५० मिलिग्रॅम, मग २००. म्हणजे अण्णांना ३२० लिहून येऊ शकतं. एका घरात हे बघून 'मेडिकलवाल्याने चुकून जास्त दिलं' म्हणून वाढीव कॅप्सूल बाजूला काढून ठेवल्या होत्या!

रक्त म्हणजे सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. कॅप्सूल सुरू झाल्यापासून एकविसाव्या दिवसाच्या आसपास करतात, मानवतच्या लॅबमध्येही होते. पुढची फेरी सुरू करायला प्लेटलेट एक लाखाच्या वर आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दीड हजाराच्या वर लागतात. कमी आले तर फेरी आठवडाभर पुढे जाते, आणि त्याने आभाळ कोसळत नाही. प्लेटलेट कमी म्हटलं की गावातून पपईच्या पानांचा रस यायला लागतो, डेंग्यूच्या वेळी बघितलेला असतो ना. तो ठेवा बाजूला. लक्ष द्यायचं ते तापाकडे. १००.४ च्या वर ताप गेला तर 'सकाळी बघू' करायचं नाही, रात्री गाडी काढायची आणि परभणी गाठायची. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना ताप एका रात्रीत माणसाला झोपवतो.

रात्री दोनच्या भाकरीचं कारण मला तुझं वाक्य वाचतानाच कळलं. ते डेक्सा. मेंदूची सूज उतरवायला दिलेली स्टेरॉइडची गोळी. त्याने भूक खवळते, झोप उडते, माणूस चिडका होतो, तोंड सुजतं, मांड्यांतलं बळ जाऊन उकिडवं बसलं की उठता येत नाही. फिटची गोळी लेव्हेटिरासिटाम असेल तर तीही काहींना चिडकं करते. आईला हे आजच सांग. तीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला नवरा अपरात्री शिव्या देतो तेव्हा तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. डॉक्टरांना विचारा की डेक्साचा दुसरा डोस संध्याकाळऐवजी दुपारी देता येईल का, आणि कमी कधी करायचा. साखर तपासून घ्या. पण डेक्सा आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, ते फार महागात पडतं. आणि अण्णांच्या हातात मोटारसायकल नको, विहिरीवर एकट्याने जाणं नको. फिटचं माणूस आहे.

आता तू शेवटी विचारलेलं. बरे होतील का?

मी नोकरीला लागले तेव्हा ही कॅप्सूल बाजारात नव्हती. मेंदूच्या गाठीला शेक द्यायचे आणि काहींना सहा आठवड्यांतून एकदा लोमुस्टिन ही किमोची जुनी कॅप्सूल. परभणी-लातूरकडची माणसं बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात जायची नाहीतर थेट मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलला. संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय सुरू झालं ते २०१२ मध्ये. मेंदूला रक्ताच्या बाजूने एक अशी चाळण असते की बहुतेक किमोची औषधं तिच्यातून पलीकडे जातच नाहीत. टेमोझोलोमाइडचा रेणू लहान, तो जातो. इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने १९८०च्या दशकात ते तयार केलं. पोटातल्या आम्लात ते टिकतं आणि रक्तात पोचलं की आपोआप उलगडून कामाला लागतं, म्हणून सलाईन न लावता तोंडाने देता येतं.

२००५ मध्ये रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरचा अभ्यास छापला, आणि आज अण्णांना जे चाललंय तो त्यातलाच क्रम आहे: सहा आठवडे शेक आणि रोज कॅप्सूल, मग महिन्यातून पाच दिवस, सहा फेऱ्या. त्या अभ्यासात नुसता शेक घेतलेल्या शंभरांपैकी दोन वर्षांनी साधारण दहा जण हयात होते, शेक आणि कॅप्सूल दोन्ही घेतलेल्या शंभरांपैकी सव्वीस. पाच वर्षांनी दोन आणि दहा. म्हणजे औषध आयुष्य लांबवतं, काहींचं बरंच लांबवतं. पण गाठ मुळासकट जाणं जवळपास कुणाच्याच वाट्याला येत नाही. हे मी गोलगोल करून सांगू शकले असते, पण तुमच्या घरात दोन एकर पणाला लागलेत.

आणि रिपोर्टवरची ती खालची ओळ. गावातली लाईट गेल्यासारखं समज. औषध गाठीच्या पेशीत जाऊन डीएनएची तार तोडतं. पण त्या पेशीत एक लाईनमन असतो, त्याचं नाव एमजीएमटी. तो तुटलेली तार लगोलग जोडतो. काही गाठींत या लाईनमनच्या ऑफिसला कुलूप लागलेलं असतं, त्यालाच 'मेथिलेटेड' म्हणतात. तिथं तार तुटलेलीच राहते आणि पेशी मरते. अण्णांच्या गाठीत कुलूप नाही, लाईनमन ड्युटीवर आहे. अशा रुग्णांना कॅप्सूलचा फायदा कमी होतो. मात्र अगदी शून्य असतोच असं नाही, आणि अण्णांच्या वयाच्या, चालत्याफिरत्या माणसाला बहुतेक डॉक्टर तरीही ती देतात. तेव्हा 'किमोनेच माणूस जातो' हे मामांचं म्हणणं खरं नाही, आणि 'किमोने खडखडीत बरे होतील' असं कुणी म्हटलं तर तेही खरं नाही. पहिली फेरी सोसली असेल, रक्त ठीक असेल तर मी तरी चालू ठेवा म्हणेन. थांबवायची वेळ आली तर ती डॉक्टर, अण्णा आणि तुम्ही मिळून ठरवायची गोष्ट, पुडीच्या जिवावर नाही.

पुडीत काय आहे हे वैदू सांगणार असेल तर लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. सांगणार नसेल तर देऊ नका. मामांची माया खोटी नाही. पण मी अशा पुड्यांत स्टेरॉइड निघालेलं पाहिलंय. माणूस आठ दिवस टवटवीत दिसतो आणि मग साखर चारशे. या कॅप्सूलमुळे काहींच्या लिव्हरलाही त्रास होतो. त्यात अनोळखी भुकटीची भर पडली की लिव्हर कशाने बिघडलं हे शोधता येत नाही.

एमआरआयकडे येते, कारण दादाची सगळी धावपळ तिथून सुरू झाली. शेक संपल्यानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत काढलेल्या फोटोत गाठ मोठी दिसली, म्हणजे ती खरंच वाढली असं धरता येत नाही. शेक आणि कॅप्सूलच्या माऱ्याने तिथं सूज येते, मेलेल्या पेशींची जागा चमकते, आणि फोटोत ते हुबेहूब वाढीसारखं दिसतं. डॉक्टर याला खोटी वाढ म्हणतात. लाईनमन हजर असलेल्या गाठींत ती तुलनेने कमी दिसते, हे खरं, पण दिसते. खरी की खोटी हे बहुतेक वेळा पुढच्या, महिना-दोन महिन्यांनंतरच्या फोटोतच कळतं. परफ्युजन नावाचा एमआरआयचा एक प्रकार आहे, त्यानेही थोडा अंदाज येतो. दादाने डॉक्टरांना सरळ विचारावं: "ही खरी वाढ धरायची की खोटी असू शकते? पुढचा फोटो कधी?" अण्णा चालतायत, जेवतायत, शेकाआधीपेक्षा जास्त खचलेले नाहीत, हेही त्या फोटोइतकंच महत्त्वाचं आहे. मधल्या काळात कुणी जमिनीचा इसार घेऊ नये.

लसीबद्दल. नवं औषध तपासायचं चाललं असेल, म्हणजे ट्रायल असेल, तर तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. अशा प्रत्येक ट्रायलची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. ट्रायल नाही, नेहमीचा उपचार आहे असं म्हणाले तर तो टाटा मेमोरियलमध्ये का देत नाहीत, हे विचारा. पंधरा लाख घेणाऱ्याने या दोन प्रश्नांची उत्तरं लेटरहेडवर द्यायला काय हरकत आहे? बहुतेक ठिकाणी यानंतर फोन उचलला जात नाही. पुढेमागे बेव्हासिझुमॅब नावाच्या इंजेक्शनचं नाव निघेल. ते सूज उतरवतं, काही दिवस बरं वाटतं, डेक्सा कमी करता येते. पण २०१४ मध्ये छापल्या गेलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, सुरुवातीपासून देऊनही त्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. हे माहीत असू द्या, मग घ्यायचं की नाही ते ठरवा.

दुसरं मत घ्यायचंच असेल तर परळला जाऊन या. देवगिरी परभणीहून रात्रीची मुंबईला जाते. डॉक्टरांकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या, कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्याला पाऊण सूट. जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. ऑपरेशनचे ब्लॉक आणि काचा (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले तुकडे), एमआरआयची सीडी, शेकाचा कागद, सगळं न्या. फक्त रिपोर्ट घेऊन गेलेली माणसं परत पाठवलेली मी पाहिलीत.

दुसऱ्या फेरीच्या कॅप्सूल विकत घेण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या किमोची पॅकेजं आहेत, पण 'किमो मिळेल का' असं मोघम विचारू नका, 'टेमोझोलोमाइडचं पॅकेज आहे का, या दवाखान्याला आहे का' असं नाव घेऊन विचारा. बाहेरून घ्यावीच लागली तर तीन-चार ठिकाणी भाव विचारा. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि डबीवर छापलेल्या किमतीला घ्यायचं कुणी बंधन घातलेलं नाही.

हे सगळं झालं, तरी मूळ गोष्ट राहतेच. रान कुणाचं आहे? सातबारा अण्णांच्या नावावर. डोकं अण्णांचं. आणि चर्चा चाललीय ओसरीवर, ते आत झोपलेले असताना.

अंबडकडचे एक शिपाई होते शाळेतले. हीच गाठ, डाव्या बाजूलाच. घरच्यांनी आम्हा सगळ्यांना हात जोडले होते, सांगू नका म्हणून. एके दिवशी बायको खाली चहा आणायला गेली तेव्हा मला म्हणाले, "सिस्टर, मला काय झालंय ते मला सोडून सगळ्या वॉर्डाला माहितीय." मी काही बोलले नाही, तशी सूचना होती. दोन महिन्यांनी त्यांची वाचा गेली. त्यांनी दोघांना हातउसने पैसे दिले होते, कागद नाही, साक्षीदार नाही. शेवटी शेवटी ते बायकोला दोन बोटं दाखवायचे आणि तिला वाटायचं संडासला लागली. ती दोन बोटं कशाची होती हे ते गेल्यावर, उसने घेणाऱ्यांपैकी एकजण स्वतःहून पैसे घेऊन आला तेव्हा कळलं. दुसरा आलाच नाही. त्या दिवशी मी गप्प बसले, ते मला अजून लागतं.

अण्णांना खुरप्याचं नाव सापडत नाही, असं तू लिहिलंस. शब्द जायला सुरुवात झाली आहे. डेक्साने, फेरीने ते काही दिवस थांबेल, थोडे परतही येतील. पण विचारायचं असेल तर आता.

आई म्हणते खचतील. असेल. दोन दिवस जेवणार नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपतील. पण तीस दिवस मशीनखाली डोकं देऊन आलेल्या माणसाला काहीच कळलं नसेल, असं तुला खरंच वाटतं का? सगळं एकदम सांगू नका. आधी विचारा, "अण्णा, तुम्हाला काय वाटतंय काय झालंय?" ते जेवढं बोलतील त्याच्या एक पाऊल पुढे जा, दहा नको. आकडे त्यांनी विचारले तरच. सकाळची वेळ धरा, चहा झाल्यावर, डोकं ताजं असतं तेव्हा. मोबाईल आणि पाहुणे बाहेर. मोठे प्रश्न टाळा, 'हो-नाही'चे विचारा, उत्तरासाठी थांबा, शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. "दोन एकर विकून लांब नेऊ का?" "शेवटपर्यंत घरी राहायचंय का?" "कुणाचं देणं-घेणं राहिलंय का?" शब्द अडला तर बोट दाखवू द्या, सातबाऱ्याचा कागद समोर ठेवा, त्यावर बोट ठेवतील. दादाला तिथं बसव, पण बोलू देऊ नकोस. त्याला रान विकायचंय ते लोभाने नाही, काहीच केलं नाही असं पुढे वाटायला नको म्हणून. अण्णांनीच 'नाही' म्हटलं तर ते ओझं त्याच्या डोक्यावरून उतरेल. आणि 'हो' म्हणाले, तर ट्रायल क्रमांकाचा प्रश्न विचारून मगच.

सोनोग्राफी झाली की दोन ओळी टाक. आणि तो भुकटी कालवायचा चमचा आणि वाटी घासून परत मांडणीवर ठेवू नकोस. दादाला मोजे घालून पिशवीत बांधायला सांग आणि टाकून द्या.

— मावशी